दहा रुपयांच्या आतलं

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणावर ओरडलो तर वाचणाऱ्याने दचकू नये. ग्रंथपाल म्हणजे हळू आवाजात बोलणारा, चष्मा पुसत बसणारा गरीब माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी एप्रिल महिन्यात खानदेशात पत्र्याखाली बसून पुस्तकं वाटून पाहावीत. मी वाटली आहेत, चांगली अकरा वर्षं. घरी केळीचा मळा होता, तीन भाऊ मळ्यात होते. चौथ्याने तिथे भांडण्यापेक्षा बाहेर कुठेतरी जाऊन भांडावं असं वडिलांनी ठरवलं आणि मला वाचनालयात चिकटवलं.

गावाचं नाव सांगत नाही. बोदवड स्टेशनवर उतरायचं आणि पुढे एसटीची वाट पाहायची, एवढं पुरे. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांची मुलं आता त्याच कमिटीवर आहेत आणि त्यांच्या घरच्या लग्नपत्रिका मला अजून येतात. गोष्ट नव्वद सालाच्या आगेमागेची आहे.

वाचनालयाचे नियम एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगलेले होते. त्यातला सहावा नियम असा, की ज्या पुस्तकाची किंमत सभासदाच्या अनामतीपेक्षा जास्त असेल ते पुस्तक त्याला घरी मिळणार नाही. अनामत म्हणजे सभासद होताना ठेवलेली रक्कम. पुस्तक हरवलं तर ती जप्त करायची, म्हणून पुस्तक त्या रकमेच्या आतलं पाहिजे. वाचनालय सुरू झालं तेव्हा अनामत दहा रुपये ठेवली, कारण तेव्हा कपाटातलं जाडातलं जाड पुस्तक आठ-नऊ रुपयांचं होतं. पुढे पुस्तकं वीसची झाली, चाळीसची झाली, नव्वदची झाली. सभासदांचे दहा रुपये तसेच राहिले आणि सहावा नियमही तसाच राहिला.

त्यामुळे आमच्या गावात पुस्तक हातात घेतलं की माणूस आधी किंमत बघायचा. नाव, लेखक, चित्र वगैरे सगळं नंतर. पहिलं पान उलटायचं, किंमत बघायची, पडलेल्या चेहऱ्याने पुस्तक परत ठेवायचं. "ती साडेसातची आहे का हो जागेवर?" असं लोक विचारायचे आणि मलाही बरोबर कळायचं कोणती साडेसातची. एका सभासदाने पस्तीस रुपयांच्या पुस्तकात पेनाने टिंब देऊन साडेतीन रुपये केले होते. मी त्याला सगळ्यांसमोर इतका झाडला, की तो पुढचे तीन महिने दोन रुपयांच्या वर गेला नाही.

शंभर रुपये अनामत भरलेले सभासद गावात चारच होते. त्यांना कोणतंही पुस्तक मिळत असे, पण त्यांचंही घोडं किमतीपाशीच अडायचं. जिनिंगवाले शेठ दर शनिवारी विचारायचे, "सगळ्यात महाग काय आहे?" शंभर भरले आहेत तर ते वसूल झाले पाहिजेत. एकदा चांगली कादंबरी साठ रुपयांची होती आणि मधमाशीपालन पंच्याण्णवचं होतं. शेठ मधमाशीपालन घेऊन गेले. वर पुढच्या शनिवारी म्हणाले, चांगलं आहे, पण माणसं कमी आहेत.

दहा रुपयांवाल्यांचं जग वेगळंच होतं. त्यांना जे मिळायचं ते सगळं पंचवीस-तीस वर्षांपूर्वी छापलेलं. गावात कुणाला पोटदुखी झाली की सव्वातीन रुपयांच्या घरगुती वैद्यकात बघायचे, त्यात लिहिलेली औषधं जळगावच्या दुकानदारालाही माहीत नसायची. चार रुपयांच्या प्रवासवर्णनावर विसंबून एकजण मुंबई बघायला गेला आणि ट्राम कुठे मिळते म्हणून दिवसभर विचारत फिरला. परत येऊन भांडला माझ्याशी. मी म्हटलं, दहा रुपयांत ट्रामच मिळणार.

या दहा रुपयांवाल्यांत एक अक्का होत्या. सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, उंच, काटक, तोंडाने फटकळ. माहेर पिंपळनेरचं, म्हणून बोलणं सगळं अहिराणी. आमच्याकडची बोली वेगळी, लोक त्यांच्या 'आहे'च्या जागी येणाऱ्या 'शे'ला हसायचे आणि त्या लोकांच्या वाचनाला हसायच्या. दर बुधवारी चार वाजता यायच्या. दारातून "जय भीम, भाऊ" म्हणायच्या, मी "जय भीम, अक्का" म्हणायचो, आणि लगेच आमची वादावादी सुरू व्हायची. कारण साधं होतं. कपाटातलं दहा रुपयांच्या आतलं एकूण एक पुस्तक अक्कांनी वाचून संपवलं होतं. संपवून पुन्हा पहिल्या कपाटापासून सुरू केलं होतं आणि तेही आता संपत आलं होतं.

"माले एक नवं पुस्तक दे," हे त्यांचं म्हणणं. आणि माझं म्हणणं एकच, अनामत वाढवा.

त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "भाऊ, मी दहा रुपया भरात तव्हय तुना कपाटमा दहानं पुस्तक म्हंजे बठ्ठास्मा जाडं पुस्तक व्हतं. मना दहा रुपया तितलाच शेत. तुना पुस्तकं महाग व्हयनात, तेले मी काय करू?"

बठ्ठा म्हणजे सगळा, एवढी अहिराणी मला समजायची. मी नियमाच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचो. त्या पुठ्ठ्याकडे पाहायच्यासुद्धा नाहीत. ऐंशी-नव्वद रुपये ही तेव्हा थोडी रक्कम नव्हती, घराचा आठवड्याचा बाजार होऊन वर उरायची. पण पैसे असते तरी अक्कांनी भरले नसते. भरले असते तर त्यांची बाजू खोटी पडली असती.

अशात नव्वद रुपयांची एक जाडजूड कादंबरी आली. तापीकाठच्या एका घराण्याची गोष्ट, तीन भाऊ, त्यांच्या बायका, भांडणं, वाटण्या. अक्कांनी ती टेबलावर पाहिली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. वाचनालयात बसून कोणतंही पुस्तक वाचायला परवानगी होती, पण आमचं वाचनालय संध्याकाळी चार ते सात, आणि अक्कांची सून दवाखान्यात दुपारपाळीला, म्हणजे घरी चूल अक्कांची. पंधरा पानं झाली की त्या उठायच्या. असं तीन बुधवार चाललं. चौथ्या बुधवारी कादंबरी जागेवर नव्हती. शंभर रुपयांवाल्या डॉक्टरांनी नेली होती. अक्का मला इतकं बोलल्या, की वर्तमानपत्र वाचत बसलेली माणसं पान उलटायचं विसरली.

डॉक्टरांनी पुस्तक दोन महिने ठेवलं. परत देताना म्हणाले, पहिल्या पानापुढे उघडायला वेळच झाला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगतो, अक्कांसाठी नाही झाला. पुस्तक नेऊन न वाचणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग आहे.

त्या रागात मी विषय कमिटीच्या बैठकीत काढला. अध्यक्ष नाना, निवृत्त तलाठी. नियमात तसूभर बदल म्हटला की त्यांना सातबाऱ्यात खाडाखोड केल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, नाना, जुन्या सभासदांना सूट द्या. नाना म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, मग त्यांनी वाचायचं काय? तेवढ्यात चहा आला आणि नाना कप उचलता उचलता हसून म्हणाले, "तुला एवढीच हौस असेल तर ते नव्वदचं पुस्तक दहा रुपयांचं कर आणि दे. माझी काही हरकत नाही."

सगळे हसले. मी हसलो नाही. इतिवृत्त लिहिण्याचं काम माझं होतं. मी लिहिलं, 'सदर पुस्तक दहा रुपये किमतीचे करून सभासदांस देण्यास अध्यक्षांची हरकत नाही.' नानांनी नेहमीप्रमाणे न वाचता खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मी कादंबरी घेऊन बाइंडर चाचांकडे गेलो. चाचा शाळांची रजिस्टरं आणि व्यापाऱ्यांच्या वह्या बांधायचे. मी म्हटलं, याचे नऊ भाग करा. चाचांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "भांडण झालं का वाटणीचं?" मी म्हटलं, वाटणीच आहे, करा. नव्वद रुपये भागिले नऊ, दहा. पानं पाचशे शहात्तर, भागिले नऊ, चौसष्ट. गणित इतकं चोख बसलं की मला वाटलं, छापणाऱ्याच्याही मनात हेच असणार.

पण एक गोष्ट मी सांगायला विसरलो आणि ती नडली. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवलेलं असतं. चाचांनी चार-चार फर्मे मोजले आणि उसवले. प्रकरण कुठे संपतं, वाक्य कुठे संपतं, त्यांना काय करायचंय. निळ्या कापडाच्या पाठी लावून नऊ भाग सुबक बांधून दिले. मी प्रत्येकावर 'किंमत रु. १०' असं लिहून शिक्का मारला आणि कपाटात मांडले.

गावात बातमी फुटायला अर्धा दिवस पुरला. नव्वदची कादंबरी दहात! संध्याकाळी दारात ही गर्दी. नऊ भाग एका तासात गेले, आणि गेले कसे, तर ज्याच्या हाताला जो लागला तो. शिंप्याने तिसरा नेला, पोस्टमनने सहावा, पिठाच्या गिरणीवाल्याने आठवा. मी ओरडत होतो, अरे, पहिल्यापासून वाचा. कोणी ऐकेल तर शपथ. आज सोडला तर उद्या मिळेल याची खात्री कोणाला होती?

आणि ज्यांच्यापायी हा सगळा खटाटोप केला त्या अक्का गावातच नव्हत्या. मुलगी पिंपळनेरलाच दिलेली, तिच्या बाळंतपणासाठी तिकडे गेल्या होत्या. सव्वा महिना.

त्या सव्वा महिन्यात गावाने ती कादंबरी जशी वाचली तशी दुसऱ्या कोणत्या गावाने वाचली नसेल. तिसऱ्या भागाचं शेवटचं वाक्य असं होतं, 'थोरला भाऊ पहाटे विहिरीच्या काठावर उभा राहिला, मागे वळून त्याने घराकडे एकदा पाहिलं आणि'. संपला भाग. शिंप्याने ते वाचलं आणि मशीन बंद करून बसला. वाटणीच्या दुःखाने माणसाने विहीर जवळ केली, असं त्याने दुकानात येईल त्याला सांगितलं. दोन-चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला. पोस्टमन म्हणाला, काय सांगता, सहाव्या भागात मी त्याला मुलीच्या लग्नात जेवताना पाहिलाय, चांगला चौथी पुरणपोळी खात होता. शिंपी म्हणाला, ती धाकट्याला आठवण आली असेल. पोस्टमन म्हणाला, आठवणीत कोणी तूप वाढा म्हणतं का? प्रकरण एवढं पेटलं की दोघं एकमेकांच्या दारासमोरून जाईनात. शेवटी चौथा भाग ज्याच्याकडे होता त्या केळीच्या व्यापाऱ्याला शोधून आणला आणि त्याने पाच-पन्नास माणसांसमोर पहिली ओळ मोठ्याने वाचली, 'खळखळून चूळ भरली.'

शिंप्याला गावाने आठ दिवस सोडलं नाही. तो कपडा मोजायला लागला की कोणीतरी चूळ भरल्याचा आवाज करायचं.

एक मात्र झालं. एरवी राम राम पलीकडे न बोलणारी माणसं एकमेकांना गाठून विचारू लागली, तुमच्याकडे कितवा आहे, कधी देणार? शेठसुद्धा आले. त्यांना शंभरात एकदम नऊ भाग पाहिजे होते. मी म्हटलं, शेठ, एका वेळी एक पुस्तक, नियम आहे. ते दुसरा भाग घेऊन गेले आणि पहिल्यांदाच पूर्ण वाचून परत आणला.

अक्का परतल्या. मी मोठ्या थाटात सांगितलं, अक्का, तुमची कादंबरी दहाच्या आत आणली. त्यांनी विचारलं, पहिला भाग कुठे आहे? पहिला बाहेर होता. हातात फक्त सहावा होता. त्यांनी मला जे ऐकवलं ते लिहीत नाही, पण सहावा घेऊन गेल्या. पुढच्या बुधवारी दुसरा, मग आठवा, मग पहिला. जो मिळेल तो. घरी एका जुन्या वहीत त्यांनी सगळा घोळ सरळ लावायला घेतला होता, कोण कधी मेलं, कोणाचं लग्न आधी. दवाखान्यात केसपेपर लावायची सवय कामी आली. आठ भाग त्यांनी असे वाचले. राहिला नववा.

शेवट त्यांना कोणाकडूनही ऐकायचा नव्हता. पोस्टमनने एकदा पत्र देता देता "अक्का, शेवटी थोरला..." एवढं म्हटलं, तर अक्का पत्र न घेताच घरात गेल्या आणि कडी लावली. पत्र त्याला खिडकीतून टाकावं लागलं.

आणि नेमका नववाच गायब. तो एका एसटी कंडक्टरकडे होता. कंडक्टर आमचा सभासद, पण बदली झाली धुळ्याला आणि नववा त्याच्या ट्रंकेत धुळ्याला गेला. मी दोन कार्डं टाकली, उत्तर नाही.

त्यातच तपासणी आली. वाचनालयाला सरकारी अनुदान मिळायचं, त्या अनुदानातून माझं मानधन निघायचं, आणि अनुदान द्यायचं की नाही हे तपासणीवर. साहेबांनी नोंदवही काढली, एक कादंबरी, नव्वद रुपये. कपाटात निळ्या पाठीची आठ पुस्तकं, प्रत्येकी दहा रुपये. साहेबांनी बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं. नाना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हे सगळं याने केलं, कमिटीला काही माहीत नाही. मी इतिवृत्त उघडून नानांच्या सहीवर बोट ठेवलं. नानांनी ते आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण बोलले सरकारीच. पंधरा दिवसांत पुस्तक होतं तसं एक करून बांधायचं, ते स्वतः येऊन बघणार. नाही तर पुस्तक नष्ट केल्याचा शेरा, अनुदान बंद आणि ग्रंथपालाला घरी पाठवायचं. नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता मर." मीही म्हटलं, तुम्ही पण.

मी स्वतःच्या खर्चाने धुळ्याला गेलो. कंडक्टरच्या खोलीवर चारजण राहायचे. चौघांनीही नववा भाग वाचला होता आणि फक्त नववाच वाचला होता. त्यातला एक मला म्हणाला, "पुस्तक चांगलंय साहेब, सुरुवातीला कोण कोणाचं कोण ते कळत नाही, पण पुढे सगळे रडायलाच लागतात." मी त्यालाही झापला. भाग घेतला आणि दुपारच्या गाडीने परत.

स्टँडवर उतरलो तर समोर अक्का. त्यांना कसं कळलं देव जाणे. म्हणाल्या, मागणीच्या वहीत नवव्यासाठी माझं नाव पहिलं आहे. होतंच. तपासणीला अजून आठ दिवस होते. चार दिवसांत परत द्या म्हटलं आणि दिला. पुस्तक पुन्हा एक झालं की ते नव्वदचं होणार आणि नव्वदचं झालं की अक्कांना मिळणार नाही, एवढं मलाही कळत होतं. मी इतका काही दगड नाही.

चार दिवस गेले. पाच गेले. सहाव्या दिवशी चाचा म्हणाले, आज आणला नाही तर माझ्याच्याने होणार नाही, मला खळ वाळायला वेळ लागतो. मी तणतणत अक्कांच्या घरी गेलो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. तुमच्यापायी केलं, तुमच्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली, आणि तुम्हाला चौसष्ट पानं सहा दिवसांत होत नाहीत.

अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी सगळं बोललो, एका दमात. त्या उठल्या, आतून नववा आणला. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. मी उघडून पाहिलं. कंडक्टरने दुमडलेल्या पानांचे कोपरे तेवढे सरळ केले होते. खूणचिठ्ठी पहिल्याच पानात होती.

"वाचलं नाहीत?" मी विचारलं.

अक्का तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "हाई वाचाई गयं का मंग तुना कपाटमा मनासाठे काय उरनं? बठ्ठं वाची टाकं मी, भाऊ. दोन-दोनदा वाची टाकं."

रस्ताभर जुळवलेलं माझं सगळं बोलून झालं होतं. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मला आणखी राग येतो, ही माझी जन्माची खोड. मी म्हटलं, "उद्या चार वाजता आणून द्या, त्यापुढे मी थांबणार नाही," आणि पायऱ्या उतरून चालू लागलो. चाचांना सांगितलं, उद्यापर्यंत थांबा. चाचांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी अक्का चारच्या ठोक्याला आल्या. बुधवार नव्हता. नववा भाग टेबलावर ठेवला. डोळे लाल झालेले होते. म्हणाल्या, पुस्तक चांगलं शे, थोरला शेवटी घर येस. मग कनवटीची पिशवी सोडून त्यांनी एक घडी घातलेला, पिवळा पडलेला कागद काढला. वाचनालयाची पावती, दहा रुपयांची. अनामत भरली तेव्हाची.

"मना दहा रुपया दे, भाऊ. माले आते आठे काय काम शे?"

आता इथे काय काम, या विचारण्यात तक्रार नव्हती. रेशन संपलं की दुकानदाराला विचारतात तसं विचारलं. वाचनालयात आठ-दहा माणसं होती, पोस्टमन होता, शेठ होते, सगळे ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखं करत होते. मी पावती हातात घेतली. दहा रुपये गल्ल्यात होते. द्यायला काहीच अडचण नव्हती. आणि मला संताप आला, नानांचा, साहेबांचा, त्या पुठ्ठ्याचा, स्वतःचा.

मार्च होता. अनुदान संपवायचं म्हणून कमिटीने जळगावहून पुस्तकं मागवली होती, त्याचं पार्सल टेबलावर पडलेलं, सुतळी कापायला घेतलेली सुरी त्याच्यावर. वरचंच पुस्तक कादंबरी होती. पहिलं पान उलटलं. एकशे दहा रुपये.

"अनामत परत मिळत नाही," मी म्हटलं. "नियम नऊ. सभासदाच्या नावावर पुस्तक असेल तर अनामत परत मिळत नाही."

"मना नाववर कोनतं पुस्तक शे?"

मी कादंबरी उघडी पाडली, फर्मे मोजले, आणि सुरी घातली. दोरा तुटला त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. शेठ खुर्चीतून उठले. पोस्टमन म्हणाला, अहो, परवा साहेब येणार आहेत. मला काय माहीत नव्हतं? जुनी कादंबरी चाचांनी वेळेत एक करून दिली म्हणून नोकरी राहिली, या नव्या पुस्तकाची किंमत मात्र पुढे माझ्या मानधनातून कापली गेली आणि इतिवृत्ताची वही नानांनी आपल्या घरी नेऊन ठेवली. पण ते नंतर. तेव्हा मी कापलेल्या पानांना सुतळीने टाके घातले, वर पेनाने 'भाग पहिला, किंमत रु. १०' लिहिलं, शिक्का मारला, नोंदवहीत अक्कांचं नाव लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. "हे आहे तुमच्या नावावर. सही करा."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला, सावकाश सही केली, पावतीची घडी पुन्हा पिशवीत ठेवली, आणि ती पानं हातात घेऊन उभ्या उभ्याच पहिली ओळ वाचली.

"दुसरा भाग कव्हय कापशी?" त्यांनी विचारलं.

"हा परत आला की," मी म्हटलं.